पेपरचा अल्टमेट्रिक स्कोअर शून्य, पण पोस्ट खाडीभर फिरली: आता दाखवायचं काय?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. विचारणाऱ्या मॅडम कोकणातल्या एका खाडीकाठच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात. तिसऱ्या आणि कालवं या खाडीतल्या शिंपल्यांवर पीएचडी झाली आहे, त्यातून पेपर निघाले आहेत. प्राचार्य म्हणतात, "एक्सवर या, लिंक्डइनवर या, अल्टमेट्रिक स्कोअर वाढवा, नॅकला उपयोगी पडेल." (हा स्कोअर म्हणजे बातम्या, समाजमाध्यमं वगैरेंत पेपरचा किती उल्लेख झाला त्याचा आकडा; नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था.) मॅडमनी मात्र फेसबुकवर मराठीत एक पोस्ट लिहिली: कोणत्या दिवसांत, किती लहान तिसरी उचलू नये. ती पोस्ट तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर या काठावरून त्या काठावर फिरली. पेपरच्या पानावरचा स्कोअर मात्र शून्य तो शून्यच. आता त्या विचारतात: समाजमाध्यमांवर वेळ घालवावा का? या स्कोअरला बढतीत काही किंमत आहे का? आणि जे खरोखर पोचलं ते दाखवायचं कसं?

मी कोकणातच महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. प्राध्यापकांच्या पेपरच्या नोंदी ठेवणं, 'विद्वान' आणि 'ऑर्किड' या संशोधकांच्या ऑनलाइन नोंदणीतली त्यांची प्रोफाइल नीट करणं, आयक्यूएसीसाठी (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षासाठी) संशोधनाची माहिती जुळवणं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून लिहितो आहे. विषय, महाविद्यालयाचा प्रकार आणि तुम्ही सेवेच्या कोणत्या टप्प्यावर आहात, यानुसार काही गोष्टी बदलतात. त्या जिथे येतील तिथे सांगेन.

मॅडम, तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. तुमचं संशोधन कोणापर्यंत पोचायला हवं, ही एक. तुमच्या कामाचं मोल ठरवणारे लोक कोण आणि ते काय बघतात, ही दुसरी. समाजमाध्यमांवरचा आकडा या दोन्हींचं उत्तर एकदम देईल असं आपल्याला सांगितलं जातं आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. म्हणून आधी तो आकडा येतो कुठून ते बघू.

सायटेशन, म्हणजे एका पेपरचा दुसऱ्या पेपरने दिलेला संदर्भ, मोजण्याची पद्धत जुनी आहे. युजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला, पुढे नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात) आला, 2005 मध्ये होर्हे हर्श यांनी एच-इंडेक्स (एका संशोधकाच्या किती पेपरांना किमान तितकीच सायटेशन आहेत) दिला. या सगळ्यांत एकाच प्रकारच्या वाचकाचं मत धरलं जातं: जो स्वतः पेपर लिहितो त्याचं. 2010 मध्ये जेसन प्रीम आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी अल्टमेट्रिक्सचा जाहीरनामा लिहिला, त्यात या गोष्टीवर बोट ठेवलं होतं. सायटेशन यायला वर्षं लागतात आणि ती फक्त पेपर लिहिणाऱ्यांच्या जगातली असतात. डॉक्टर, अधिकारी, शिक्षक, बागायतदार संशोधन वाचतात, वापरतात, पण संदर्भसूची लिहायला बसत नाहीत. मग बातम्या, ब्लॉग, विकिपीडिया, धोरणाची कागदपत्रं, समाजमाध्यमं यांतले उल्लेख का मोजू नयेत, असा तो सवाल होता. तो मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो.

पुढच्याच वर्षी लंडनमध्ये अल्टमेट्रिक नावाची कंपनी उभी राहिली. पेपरच्या पानावर जे रंगीत कडं आणि मधोमध आकडा दिसतो, तो यांचा. कड्यातला लाल पट्टा बातम्यांचा, पिवळा ब्लॉगचा, जांभळा धोरणाच्या कागदपत्रांचा. प्रत्येक उल्लेखाला वजन ठरलेलं आहे: बातमीला 8, ब्लॉगला 5, विकिपीडियाला 3. एक्सवरच्या एका पोस्टचं वजन बातमीच्या कितीतरी पटीने कमी असतं. मेंडेली या संदर्भ साठवण्याच्या साधनामध्ये किती जणांनी पेपर जतन केला ते बाजूला दिसतं, पण त्या आकड्यात धरलं जात नाही. दुसरी सेवा प्लमएक्स, ती आता एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेकडे आहे आणि त्यांच्या स्कोपस या पेपर व सायटेशनच्या सूचीत दिसते. ती एकच आकडा न देता वापर, जतन, उल्लेख, समाजमाध्यमं आणि सायटेशन असे पाच कप्पे दाखवते. मला व्यक्तिशः ही मांडणी जास्त प्रामाणिक वाटते.

आता तुमच्या शून्याकडे येऊ. ही यंत्रणा दुवा शोधत फिरते. पेपरचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) किंवा नियतकालिकाच्या पानाचा पत्ता जिथे जाहीरपणे, यंत्राला वाचता येईल असा सापडतो, तिथेच उल्लेख धरला जातो. बातमीच्या मजकुरातून पेपर ओळखण्याचीही सोय आहे, पण त्यासाठी बातमीत लेखकाचं नाव, नियतकालिकाचं नाव असं काहीतरी हवं आणि ते वर्तमानपत्र कंपनीच्या यादीत हवं. तुमची पोस्ट वैयक्तिक प्रोफाइलवर होती आणि अल्टमेट्रिक फेसबुकवरची फक्त सार्वजनिक पानं बघतं. पोस्टमध्ये पेपरचा दुवा नव्हता. आणि ती फिरली व्हॉट्सअॅपवर, जिथे बाहेरच्या कोणालाच डोकावता येत नाही. या तिन्हींपैकी एक कारणही शून्यासाठी पुरेसं होतं. तुमचं काम पोचलं नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

प्राचार्यांच्या सल्ल्याबद्दल इथेच सांगून टाकतो. लिंक्डइनवरचे उल्लेख अल्टमेट्रिक गेली कित्येक वर्षं मोजतच नाही. लिंक्डइन इतर कामांसाठी चांगलं आहे, ओळखी होतात, प्रकल्पांच्या जाहिराती दिसतात. पण स्कोअर वाढवण्यासाठी तिथे खातं काढायला सांगणं म्हणजे पत्ता चुकणं आहे.

कोकणात हे शून्य सगळीकडे भेटतं. हापूसमधल्या साक्याचं, म्हणजे गर आतून स्पंजासारखा खराब होण्याचं, उदाहरण घ्या. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये 'रत्ना' ही जात आणली. तिच्यात साका होत नाही, हे तिचं मोठं वैशिष्ट्य. ही माहिती बागायतदाराकडे कशी पोचली? दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यातून, रोपवाटिकेतून, शेजारच्या बागेतून, आता ग्रुपवरच्या व्हॉइस मेसेजमधून. ज्या बागायतदाराने त्यावर विसंबून कलमं लावली त्याने आयुष्याचा निर्णय घेतला, पण त्याने कुठेही डीओआय टाकलेला नाही. जिल्हा आवृत्तीत 'दापोलीच्या शास्त्रज्ञांचे संशोधन' अशी चार कॉलमी बातमी येते, तिच्यात नियतकालिकाचं नाव नसतं. आणि आपल्याकडचा शासन निर्णय उघडून पाहा: वर 'संदर्भ' म्हणून आधीचे शासन निर्णय आणि पत्रांचे क्रमांक असतात, शोधनिबंध नसतो. म्हणजे धोरणात तुमचं काम वापरलं गेलं तरी जांभळा पट्टा उगवत नाही.

आंबोलीचं हिरण्यकेशी आठवा. तिथल्या झऱ्यातल्या माशाचं 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं नामकरण करणारा पेपर 2020 मध्ये आला आणि 2021 मध्ये राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका लहान माशाच्या वर्णनाने एक झरा कायद्याच्या संरक्षणाखाली आला. वर्गीकरणशास्त्रातल्या पेपरांना सायटेशन कमी मिळतात, हे त्या विषयातले सगळे जाणतात. या पेपरचं मोल सांगायचं तर अधिसूचनेची प्रतच पुढे ठेवावी लागेल. ते काम कुठलंही कडं करणार नाही.

उलट बाजूही तितकीच स्वच्छ दिसली पाहिजे. आकडा मोठा म्हणजे काम मोठं असंही नाही. 2010 च्या डिसेंबरमध्ये नासाने पत्रकार परिषद घेऊन आर्सेनिकवर जगणाऱ्या जीवाणूचा शोध जाहीर केला. 'सायन्स'मधल्या त्या पेपरची जगभर चर्चा झाली. तिच्यातली बरीचशी चर्चा इतर शास्त्रज्ञांनी ब्लॉगवर आणि ट्विटरवर काढलेल्या चुकांची होती. अखेर जुलै 2025 मध्ये नियतकालिकाने तो पेपर मागे घेतला. स्तुती झाली तरी उल्लेख धरला जातो, झोडपलं तरी धरला जातो.

आपल्या घरचं उदाहरण कातळशिल्पांचं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, कोरलेली ही चित्रं स्थानिक शोधकांनी गावागावांत फिरून, गुराख्यांना विचारून उजेडात आणली. 2018 नंतर ती देशाबाहेरच्या माध्यमांत गेली आणि 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. 2023 च्या उन्हाळ्यात बारसूच्या रिफायनरीचा वाद पेटला, तेव्हा कातळशिल्पांबद्दल एकदम सगळीकडे बोललं जाऊ लागलं. त्या महिन्यांत या विषयावरच्या एखाद्या पेपरकडे लोकांचं लक्ष वाढलं असेल, तर ते त्या पेपरच्या पद्धतीमुळे किंवा पुराव्यामुळे वाढलेलं नसणार. कोणी मला असा वाढलेला आकडा दाखवला तर मी त्यावर टिचकी मारून आतले उल्लेख वाचतो: कोण बोललं, काय बोललं, केव्हा बोललं. तुम्हीही तेच करा. आकड्याचा खरा उपयोग आत शिरण्याचं दार म्हणून आहे. आत शिरल्यावर कधी कधी एखादा परदेशी अभ्यासक सापडतो जो तुमच्याच प्रजातीवर काम करतो आहे, कधी एखाद्या संस्थेचा अहवाल सापडतो ज्यात तुमची आकडेवारी वापरली आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही.

"पण समाजमाध्यमांवर टाकलं तर सायटेशन वाढतात ना?" हा प्रश्न प्रत्येक कार्यशाळेत येतो. यावर दोन नीट केलेले प्रयोग मला माहीत आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी आहेत. हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात 112 पेपर घेऊन, त्यांतले निम्मे चिठ्ठी टाकून निवडून ट्वीट केले गेले. वर्षभरानंतर ट्वीट केलेल्यांना जास्त सायटेशन मिळालेली दिसली. दुसरा प्रयोग समुद्र आणि परिसंस्था यांवर काम करणाऱ्या 11 शास्त्रज्ञांचा, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला, म्हणजे तुमच्या विषयाच्या जवळचा. त्यांनी 110 पेपर ट्वीट केले, 440 मुद्दाम केले नाहीत. ज्या दिवशी ट्वीट गेलं त्या दिवशी डाउनलोड वाढले, अल्टमेट्रिक स्कोअर वाढला, पण तीन वर्षांनंतर सायटेशनमध्ये ठामपणे सांगता येईल असा फरक सापडला नाही. दोन्ही प्रयोग जुन्या ट्विटरवरचे. 2023 मध्ये ते एक्स झालं, संशोधकांना विदा (डेटा) देणारी मोफत वाट बंद झाली, बरेच शास्त्रज्ञ ब्लूस्कायवर गेले. म्हणून सायटेशनच्या आशेने रोज संध्याकाळ तिथे घालवू नका. तेवढा वेळ पुढचा पेपर पूर्ण करण्यात गेला तर एच-इंडेक्सला जास्त फायदा होईल.

आता बढतीचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत संशोधन गुणांचा तक्ता आहे. विज्ञान शाखेच्या एका पेपरला 8 गुण, भाषा-सामाजिक शास्त्रांत 10, वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वाढीव गुण, आणि सहलेखकांत वाटणी. त्या तक्त्यात अल्टमेट्रिक स्कोअरला रकाना नाही. फॉलोअरच्या संख्येलाही नाही. जानेवारी 2025 मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा जो मसुदा काढला त्यात भारतीय भाषांतलं अध्यापन, डिजिटल शिक्षणसाहित्य, समाजाशी जोडलेलं काम अशा नऊ प्रकारच्या योगदानांचा विचार होता. तुमच्या कामाला ती दिशा अनुकूल आहे. फाईल भरण्याआधी तुमच्या विद्यापीठात त्या दिवशी लागू असलेला नियम आस्थापना विभागाकडून लेखी समजून घ्या, मसुद्यावर विसंबू नका. नॅकच्या सात निकषांच्या चौकटीत तिसरा निकष संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्याचा. तुमची तिसऱ्यांची पोस्ट आणि तिच्यामागचं खाडीकाठचं काम विस्तारकार्यात बसतं आणि तिथे पुरावा लागतो तो तारखा, फोटो, पत्रं, उपस्थितीचा. स्कोअरचा स्क्रीनशॉट तिथे फार काही करणार नाही.

प्राचार्यांशी बोलताना उपयोगी पडेल असा एक आधार सांगतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा, ज्याला डोरा म्हणतात, म्हणतो की नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून एकेका पेपरचं किंवा माणसाचं मोल ठरवू नका. 2015 च्या लायडेन जाहीरनाम्यात दहा तत्त्वं आहेत, त्यांतलं एक थेट आपल्यासाठी आहे: स्थानिकदृष्ट्या महत्त्वाच्या संशोधनातली गुणवत्ता जपा. इंग्रजी नियतकालिकांच्या आकड्यांवर सगळं मोजलं तर गावच्या प्रश्नावर, गावच्या भाषेत काम करणारा माणूस मागे पडतो, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आणि कोणी पैसे घेऊन 'इम्पॅक्ट फॅक्टर' देऊ असं सांगणाऱ्या ईमेल पाठवल्या तर सरळ पुसून टाका. ज्याला इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्टमध्येच असतो.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: शून्याची काळजी सोडा, सायटेशनसाठी समाजमाध्यमांवर जाऊ नका, बढतीसाठी लागू नियम वाचा. आता करायचं काय ते.

सगळ्यात आधी नाव. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका परतावा दुसरं काही देत नाही. आपल्याकडे एकाच तालुक्यात सावंत, राणे, पाटील, कदम किती, आणि त्यांतल्या 'एस. एस. सावंत' किती! त्यात बायकांचं आडनाव लग्नानंतर बदलतं. पीएचडीच्या काळातले पेपर माहेरच्या नावाने, नंतरचे सासरच्या, मध्येच एखादा वडिलांचं नाव मधे घालून. स्कोपस अशा एका बाईची तीन माणसं करून ठेवतो, सायटेशन तीन ठिकाणी विभागली जातात आणि एच-इंडेक्स उगाच खाली दिसतो. ऑर्किड काढा. 2012 पासून ही सोय आहे, मोफत आहे, सोळा अंकी क्रमांक मिळतो आणि तो नाव बदललं तरी बदलत नाही. त्यात दोन्ही नावं नोंदवता येतात. मग स्कोपसला विनंती करून वेगवेगळी प्रोफाइल एकत्र करून घ्या, गुगल स्कॉलरवर जाऊन दुसऱ्या कुणाचे पेपर तुमच्या नावावर चढले असतील तर काढून टाका, इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राच्या 'विद्वान'वर तोच ऑर्किड जोडा. तुमच्या ग्रंथपालांना सोबत घेऊन बसा, हे त्यांचंच काम आहे आणि ते आनंदाने करतील.

मग माध्यम निवडा, आणि ते वाचक बघून निवडा. तुमचे वाचक दोन प्रकारचे आहेत. जगभरचे शिंपलावर्गीय प्राण्यांचे अभ्यासक ब्लूस्काय, एक्स, रिसर्चगेट यांवर सापडतील. तिथे एक खातं पुरे. नवा पेपर आला की दोन ओळी, एक चांगला फोटो आणि डीओआयचा पूर्ण दुवा. महिन्यातून एकदा बोललात तरी चालेल. खाडीकाठच्या बायका, मत्स्यव्यवसाय खात्याचे परवाना अधिकारी, सरपंच, शाळेतल्या शिक्षिका व्हॉट्सअॅप आणि फेसबुकवर आहेत. त्यांच्यासाठी वैयक्तिक प्रोफाइलऐवजी एक सार्वजनिक पान काढा.

पोस्ट कशी असावी ते नमुन्यासह दाखवतो, कारण बहुतेक जण इथे पेपरचा सारांश भाषांतरित करून टाकतात आणि कोणी वाचत नाही. असं लिहा:

"ओहोटीला तिसऱ्या काढायला जाणाऱ्या सगळ्या आयाबायांसाठी. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान तिसरी टोपलीत आली तर तिथेच चिखलात परत टाका. तिने अजून एकदाही अंडी सोडलेली नाहीत. आपल्या खाडीत आम्ही हे वर्षभर मोजून पाहिलं. तुमच्या वाडीत याच्यापेक्षा वेगळं दिसत असेल तर खाली लिहा किंवा फोटो पाठवा. ज्यांना सगळा अभ्यास वाचायचा असेल त्यांच्यासाठी दुवा हा."

नखाच्या जागी तुमच्या अभ्यासातून निघालेलं माप घाला. पण ते मिलिमीटरमध्ये न देता हाताला कळेल असं द्या, कारण चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या हातात मोजपट्टी नसते. पहिल्या वाक्यात कोणासाठी, दुसऱ्यात काय करायचं, मग का. दुवा शेवटी. आणि उलट विचारणारं वाक्य सोडू नका. गेल्या काही वर्षांत किनाऱ्यावर कासवांबद्दल जे घडलं ते याच वाटेने घडलं. 2022 मध्ये पश्चिम किनाऱ्यावर प्रथमच ऑलिव्ह रिडले माद्यांना उपग्रह टॅग लावले, तेव्हा वेळासच्या मादीला 'प्रथमा' नाव दिलं आणि ती कुठे पोचली हे लोक नकाशावर बघत राहिले. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली मादी 2025 मध्ये गुहागरला अंडी घालायला आली. ते कळलं, कारण किनाऱ्यावर रात्री फिरणाऱ्या माणसांना टॅगचा क्रमांक वाचून कळवायचा असतो हे ठाऊक होतं. भारताच्या दोन किनाऱ्यांमधला दुवा सापडला तो अशा ओळखीतून. तुमच्या पोस्टखाली एखादी बाई "आमच्याकडे यंदा खुबे संपलेच" असं लिहील, तेव्हा ती तुम्हाला पुढच्या सर्वेक्षणाची जागा सांगत असेल.

आता माझा सगळ्यात आवडता उपाय, जो फार थोडे जण करतात. पोस्टमधला मजकूर एका पानाचं मराठी पत्रक करा, चित्रांसह, आणि ते झेनोडोवर ठेवा. हे भांडार युरोपातल्या सर्न या संस्थेने 2013 पासून चालवलं आहे, मोफत आहे, आणि तिथे ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला स्वतःचा डीओआय मिळतो. म्हणजे तुमच्या मराठी पत्रकालाही. माहिती भरताना भाषा मराठी निवडा, तुमचा ऑर्किड घाला आणि 'संबंधित प्रकाशन' म्हणून मूळ पेपरचा डीओआय जोडा. मग त्या दुव्याचा क्यूआर कोड पत्रकाच्या कोपऱ्यात छापा. ग्रामपंचायतीच्या फलकावर, मासळी बाजारात, शाळेत लावा, ग्रुपवरही तोच दुवा पाठवा. किती जणांनी उघडलं, किती जणांनी उतरवून घेतलं हे झेनोडो दाखवतं. व्हॉट्सअॅपवर काय बोललं जातं ते कळणार नाही, पण तिथून आलेली माणसं मोजली जातील. आणि दुसऱ्या एखाद्या अभ्यासकाला तुमच्या पत्रकाचा संदर्भ द्यायचा असेल तर द्यायला काहीतरी असेल. लेखकांत पत्रकाला मदत करणाऱ्या स्थानिक माणसांची नावं त्यांच्या संमतीने जरूर घाला.

याच्या जोडीला एक साधी वही किंवा एक्सेलची फाईल. प्रत्येक नोंदीत तारीख, कोण, काय झालं, आधी काय होतं, आणि पुरावा कुठे ठेवला आहे. "ग्रामसभेत विषय निघाला, ठरावाची प्रत जोडली." "मत्स्यव्यवसाय कार्यालयातून माहिती मागणारं पत्र आलं, पत्राचा क्रमांक अमुक." "आकाशवाणीवर मुलाखत झाली, ध्वनिफीत ठेवली." बातमी आली तर कात्रण काढून त्यावर वर्तमानपत्र, आवृत्ती आणि तारीख लिहा. ई-पेपरचे दुवे काही काळाने उघडत नाहीत. एखाद्या बाईने फोन करून सांगितलं तर तेही लिहा, पण तिचं नाव तिला विचारल्याशिवाय फाईलमध्ये घालू नका. ही नोंद घडेल त्या आठवड्यातच करायची. वर्षाअखेरीस आठवून लिहिलेली यादी तपासणाऱ्याला लगेच ओळखू येते.

काही सावधगिरी हवीच. किनाऱ्यावर पर्ससीन जाळी, एलईडी दिव्यांची मासेमारी, वाळू उपसा असे वाद तापलेले आहेत. तुमच्या निष्कर्षाचं एक वाक्य तोडून कोणीही आपल्या बाजूला वापरेल. म्हणून पोस्टमध्ये तुम्ही काय मोजलं आणि कुठे मोजलं हे दोन्ही लिहा आणि जे मोजलं नाही त्यावर मत देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. दुर्मिळ प्रजातीची, कासवाच्या घरट्याची, नव्याने सापडलेल्या शिल्पाची नेमकी जागा कधीही सार्वजनिक करू नका. फोटोतून ठिकाणाची माहिती काढून टाका. बायकांना संदेशपेटीत काय काय येतं हे मी सहकारी प्राध्यापिकांकडून ऐकलं आहे. सार्वजनिक पान विभागाच्या नावाने ठेवून दोघा-तिघांनी मिळून चालवलं तर हा भार एकटीवर येत नाही. स्वतःचा मोबाइल नंबर पत्रकावर छापू नका, विभागाचा ईमेल द्या.

तुमचा विषय वेगळा असता, समजा मराठी साहित्य किंवा इतिहास, तर मी विकिपीडियावर जास्त भर द्यायला सांगितलं असतं. तिथेही स्वतःचा पेपर स्वतः घुसवू नये, चर्चापानावर सुचवावा. सेवेत अजून कायम नसाल तर पेपर आधी, पान नंतर. आणि महाविद्यालय छोटं असेल, विभागात एकट्याच असाल, तर वर सांगितलेल्यांतून ऑर्किड, एक पत्रक आणि नोंदवही एवढंच करा.

स्वमूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये मग असं लिहिता येईल: "खाडीतील तिसऱ्यांच्या प्रजननावरील शोधनिबंधाच्या आधारे मराठी पत्रक तयार करून डीओआयसह प्रसिद्ध केले. पत्रक खाडीकाठच्या ग्रामपंचायतींत लावले. लहान तिसऱ्या न काढण्याबाबत ग्रामसभेत चर्चा झाली, ठरावाची प्रत सोबत. मत्स्यव्यवसाय कार्यालयाने माहिती मागवली, पत्र सोबत." यातला ठराव किंवा पत्र प्रत्यक्षात झालं असेल तरच ते वाक्य ठेवा. झालं नसेल तर पत्रक आणि त्याचे डाउनलोड इतकंच लिहा. प्राचार्यांना स्कोअर हवाच असेल, तर पेपरचा आणि पत्रकाचा असे दोन्ही डीओआय शेवटच्या ओळीत द्या आणि फाईलमध्ये पुरावे त्याच क्रमाने लावा.